बिनचावीच्या ड्रिलचा बिट बदलताना

अडावदच्या पुढे, जिथून सातपुडा हाताशी आल्यासारखा दिसतो, तिथल्या एका मळ्यात मी पाच वर्षांपूर्वी ठिबक बसवलं. केळीच्या मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीची, तयारी होती. पाच बाय पाच फुटांवर टिश्यूची रोपं लागणार होती, सबमेन (ठिबकच्या नळ्यांना पाणी देणारा जाड पाइप) २०० फुटांची, दर पाच फुटांना एक नळी, म्हणजे ४० भोकं. दुपारपर्यंत भोकं पाडून झाली, भोकांत ग्रोमेट (रबरी रिंगा) बसवले, त्यांत टेकऑफ (नळी जोडायचे तुकडे) दाबले, नळ्या जोडल्या. संध्याकाळी मोटार सुरू केली तर मधल्या १४ ग्रोमेटांच्या कडेने पाणी झिरपायला लागलं. सुरुवातीचे कोरडे, शेवटचे कोरडे, मधलेच तेवढे गळत होते.

ग्रोमेट बदलून पाहिले, टेकऑफ बदलून पाहिले, गळती थांबेना. शेवटी ज्या बिटने, म्हणजे ड्रिलच्या तोंडात लावायच्या पिळाच्या सळईने, भोकं पाडली त्याची दांडी हातात धरून तो एका भोकात घालून पाहिला, तर बिट भोकात खेळत होता. भोकं मोठी पडली होती. मग दुपारचं आठवलं. मध्येच फिल्टरच्या लोखंडी स्टँडला एक भोक पाडायचं होतं म्हणून मी बिट बदलला होता. ग्रोमेटचा बिट परत लावला तेव्हा पाइपचा चुरा चकच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या भागाच्या, एका जबड्याला चिकटलेला होता आणि मी तो पाहिला नाही. बिट एका बाजूने किंचित तिरका पकडला गेला, टोक डुगडुगत फिरलं आणि प्रत्येक भोक थोडं मोठं पाडत गेलं. १४ भोकांनंतर बिट सैल वाटला म्हणून मी चक उघडून पुन्हा आवळला. चुरा तेव्हाच गळून पडला असणार, कारण तिथून पुढची भोकं बरोबर निघाली.

त्या १४ भोकांचा ७० फुटांचा सबमेनचा तुकडा काढून नवा पाइप मी माझ्या पैशाने टाकला. मळ्याच्या मालक काकांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, उलट जेवायला थांबवलं. पण त्या रात्री मी घरी बसून माझी ड्रिल मशीन उघडी करून पाहिली आणि चक कसा चालतो ते पहिल्यांदा नीट समजून घेतलं. पंधरा वर्षं मी हे काम करत होतो आणि बिट बदलणं हे काही शिकायचं काम आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. आता माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी सगळ्यात आधी हेच शिकवतो. तेच इथे लिहितो आहे.

आधी चक ओळखा

मशीनच्या तोंडाशी बिट पकडणारा जो गोल भाग असतो तो चक. जुन्या चकला बाजूला दाते असतात, आणि तो दातेरी चावीने आवळावा लागतो. आर्थर जेकब्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९०२ साली त्या चावीच्या चकचं पेटंट घेतलं, आणि आजही वायरच्या बऱ्याच मशीनवर तोच चक असतो. पकड त्याची जबरदस्त. पण शेतात त्याची अडचण एकच, चावी हरवते. आमच्या काळ्या मातीत चावी पडली की गेली. मी ती सुतळीने वायरला बांधून ठेवायचो, तरी दोन हरवल्या.

बिनचावीच्या चकला बाहेरून प्लास्टिकची किंवा धातूची खरबरीत कॉलर असते. ती हाताने फिरवली की आतले तीन जबडे उघडतात किंवा मिटतात. हे तीन जबडे तिरक्या खोबणीत बसवलेले असतात. त्यांच्या पाठीवर आटे असतात आणि कॉलरच्या आतल्या रिंगला त्यांच्याशी जुळणारे आटे असतात. कॉलर आवळली की जबडे तिन्ही बाजूंनी एकाच वेळी पुढे सरकतात आणि सरकता सरकता एकमेकांच्या जवळ येतात. तिघे एकाच मापाने सरकतात, म्हणूनच बिट आपोआप बरोबर मध्ये येतो. आणि म्हणूनच त्यातल्या एका जबड्याखाली चुऱ्याचा एक कण आला तरी बिटचं मध्य चुकतं. माझ्या १४ भोकांचं कारण एवढंच होतं.

कॉलर एक आहे की दोन, ते पाहा. बॅटरीच्या मशीनला बहुतेक एकच कॉलर असते. तुम्ही ट्रिगर सोडला की आतला दांडा आपोआप अडतो, त्यामुळे एका हाताने मशीन धरून दुसऱ्या हाताने कॉलर फिरवता येते. वायरच्या काही मशीनना दोन रिंगा असतात. तिथे मागची रिंग एका हाताने घट्ट धरायची आणि पुढची फिरवायची. मागची धरली नाही तर सगळा चकच फिरत राहतो आणि माणूस म्हणतो, मशीन बिघडली.

नव्या माणसाची आणखी एक गल्लत होते. चकच्या मागे आकडे लिहिलेली एक रिंग असते, ती चकची नाही. ती क्लचची. स्क्रू किती जोराने आवळायचा ते ती ठरवते. पोरं तीच फिरवत बसतात आणि बिट का निघत नाही म्हणून विचारतात. भोक पाडताना ती रिंग ड्रिलच्या चित्रावर आणून ठेवा. आकड्यावर राहिली तर जोर लागला की मशीन कटकट करून थांबेल.

चकवर माप छापलेलं असतं. माझ्या चकवर १.५ ते १३ असं आहे, म्हणजे दीड मिलिमीटरपासून १३ मिलिमीटरपर्यंत जाडीची दांडी त्यात बसते. छोट्या मशीनचा चक १० चा असतो. बिट घ्यायला गेलात की भोकाचं माप पाहता तसं दांडीचं मापही पाहा. मोठ्या मापाचे काही बिट दांडी बारीक करून मिळतात, ते १० च्या चकमध्ये बसतात.

जुना बिट काढताना

बॅटरी काढा. वायरची मशीन असेल तर पिन काढा, नुसतं बटन बंद करून भागत नाही. रोजच्या कामात दर वेळी बॅटरी काढणं कुणाला जमत नाही हे मला माहीत आहे. निदान फॉरवर्ड-रिव्हर्सचं बटन मध्यावर आणा, मध्यावर असलं की ट्रिगर दबत नाही. पण बोटं जबड्यांत घालायची असतील, किंवा मशीन शिकणाऱ्याच्या हातात असेल, तर बॅटरी बाहेरच हवी. इथे मी कुणाला सूट देत नाही.

खांद्यावरचा रुमाल काढून बाजूला ठेवा. उन्हाळ्यात आमच्याकडे रुमालाशिवाय कुणी शेतात जात नाही, पण मशीनवर वाकलं की त्याचं टोक नेमकं चकपाशी लोंबतं. बाई काम करत असेल तर पदर खोचून घ्यावा, ओढणी मागे बांधावी. हातमोजे घालून फिरत्या बिटजवळ जाऊ नये. मोज्याचा धागा अडकला तर तो हातासकट ओढला जातो.

बिट नुकताच लोखंडातून किंवा भिंतीतून निघाला असेल तर त्याला हात लावू नका. लोखंडात भोक पाडलेला बिट दिसायला काळा आणि थंड दिसतो, पण बोटाला फोड आणतो. दोन मिनिटं थांबा, किंवा फडक्याने धरा. पाण्यात बुडवून थंड करायची सवय काहींना असते. काँक्रीटच्या बिटला ती फार वाईट, कारण टोकाचा कार्बाइडचा तुकडा गरमागरम पाण्यात गेला तर तडकतो.

आता कॉलर कुठल्या बाजूला फिरवायची? इथे सगळे गोंधळतात. कारण सोपं आहे: मशीन मागून पाहिली तर एक दिशा दिसते आणि पुढून पाहिली तर उलटी. माझी रीत अशी. बॅटरी काढलेली आहेच, तर मशीनचं तोंड आपल्याकडे करा, बिटचं टोक डोळ्यांसमोर नको, जरा खाली धरा. आता चक म्हणजे पाण्याची बाटली आणि कॉलर म्हणजे तिचं झाकण समजा. झाकण जसं उघडता तशी कॉलर फिरवली की चक उघडतो, झाकण जसं लावता तशी फिरवली की आवळला जातो. म्हणजे समोरून पाहताना घड्याळाच्या उलट फिरवलं की सैल, घड्याळासारखं फिरवलं की घट्ट. बऱ्याच चकवर बाणही कोरलेले असतात. नवी मशीन घेतली की पहिल्या दिवशी त्या बाणांवर पांढरा रंग भरून घ्या. धूळ बसली की ते दिसेनासे होतात.

काही चक आवळताना कटकट वाजतात. आत अडकण असते, ती बसली की चक आपोआप सैल होत नाही. असा चक उघडताना पहिला झटका जरा जोराचा लागतो, एक मोठा कट आवाज येतो आणि मग कॉलर हलकी फिरते. तो आवाज तुटल्याचा नाही.

कॉलर पूर्ण उघडायची गरज नसते. बिट सुटेल एवढीच उघडा आणि दुसरा हात खाली धरा. काँक्रीटचा बिट टोकावर फरशीवर पडला तर फरशीही जाते आणि बिटही.

नवा बिट बसवताना

बिट लावण्याआधी चकच्या तोंडात पाहा. रोज पाहा, दर वेळी पाहा. प्लास्टिकचा चुरा, लाकडाचा भुसा, विटेची लाल पूड, काहीतरी असतंच. तोंड खाली करून मशीनवर तळव्याने दोन थापा मारा आणि जबड्यांवरून जुना दातांचा ब्रश फिरवा. फुंकर मारू नका, पूड उलटी डोळ्यांत येते. बिटची दांडीही पुसून घ्या. केळीच्या बागेत काम करताना हाताला चीक लागलेला असतो आणि तो दांडीवर बसून वाळतो. वाळलेला चीक चुऱ्याइतकाच नडतो.

दांडी बोटाने चाचपा. चक आधी कधी घसरला असेल तर दांडीवर गोल ओरखडे पडलेले असतात आणि त्यांच्या कडा उचललेल्या असतात. त्या कडा बारीक कानशीने घासून काढा, नाहीतर बिट दर वेळी वाकडाच बसेल.

मग बिट आत सरकवा. किती? गुळगुळीत दांडी जबड्यांच्या पूर्ण लांबीत आली पाहिजे. एकदम तळाला टेकवून मग केसभर मागे घ्या. पिळाच्या खाचा जबड्यांच्या बाहेरच राहिल्या पाहिजेत. खाचेवर जबडा आला तर पकड एका बाजूला मिळते आणि एका बाजूला नाही, बिट मोडतो नाहीतर जबड्याची धार बसते. आणि दांडीचं फक्त मागचं टोक पकडून बिट लांब ठेवायचा मोहही होतो, जाड भिंतीत आरपार जायचं असतं तेव्हा. तसं करू नका. लांब बिट मिळतो, तो आणा.

आता एका हाताने बिट धरून दुसऱ्या हाताने कॉलर हलकेच मिटवत आणा, जबडे दांडीला नुसते टेकेपर्यंत. इथे थांबा. माझ्या सगळ्या सांगण्यातली महत्त्वाची जागा हीच आहे. जबडे टेकलेत, पण आवळलेले नाहीत, अशा वेळी बिट दोन बोटांत धरून थोडा फिरवा, थोडा पुढे-मागे करा. तो स्वतःची जागा शोधतो. तीन जबड्यांच्या मध्ये तो बसला की हाताला कळतं, डगडग संपते. मग तोंडाकडून पाहा: तिन्ही जबडे एकसारखे बाहेर आलेत का, आणि तिन्ही दांडीला लागलेत का.

बारीक बिट असेल तर हे दहापट जपून करा. दोन-तीन मिलिमीटरचा बिट तीन जबड्यांच्या मध्ये न जाता दोन जबड्यांच्या फटीत जाऊन बसतो. आवळला तरी हाताला घट्ट लागतो. पण फिरवला की टोक वाटीएवढा गोल काढतं आणि भोकाला टेकवताच मोडतं. बारीक बिटसाठी चक आधीच जवळजवळ मिटवून घ्यावा, फट दांडीपुरतीच ठेवावी आणि मग बिट घालावा. म्हणजे त्याला फटीत शिरायला जागाच राहत नाही.

सहा कोनी दांडीचे बिट आता फार झालेत, स्क्रूचे तर सगळे तसलेच. त्यांची सोय अशी की ते चकमध्ये गोल फिरून घसरत नाहीत. पण जबडे सपाट बाजूंवर आले पाहिजेत, कोपऱ्यांवर नाही. म्हणून आवळताना बिट बोटांत थोडा फिरवत राहा, सपाटीवर आला की तो खटकन बसतो. बोटाच्या पेराएवढे छोटे स्क्रूचे बिट थेट चकमध्ये लावू नका, ते आत गडप होतात. चुंबकाचं होल्डर घ्या, ते एकदा चकमध्ये आवळा आणि पुढचे छोटे बिट त्याच्या तोंडात बदलत राहा.

शेवटी आवळणं. मशीनची मूठ एका हातात, मशीनचं बूड मांडीला टेकवलेलं, दुसऱ्या हाताने कॉलर पूर्ण तळव्यात घेऊन फिरवा. नुसत्या बोटांनी नाही. हात घामाने ओला असेल तर पुसून घ्या, मे महिन्यात आमच्याकडे दुपारी तर पाच मिनिटांत हात ओला होतो. कटकट वाजणारा चक असेल तर वाजणं थांबून कॉलर अडेपर्यंत फिरवा. वाजायला लागला की लोक सोडून देतात, आणि तिथेच तो अर्धा आवळलेला राहतो.

मग बिट पकडून ओढून पाहा. बॅटरी लावा, टोक मोकळ्या जागेकडे करा, ट्रिगर हलकेच दाबून दोन सेकंद फिरवा आणि टोकाकडे पाहा. चांगला बसलेला बिट फिरताना उभा असल्यासारखा शांत दिसतो. टोकाशी धुकट वर्तुळ दिसलं तर बिट तिरका आहे, नाहीतर वाकलेला आहे. चक उघडा, बिट अर्धा फिरवून पुन्हा लावा. तरीही वर्तुळ दिसत असेल तर बिट सपाट काचेवर लोळवून पाहा, वाकलेला असेल तर लगेच कळतो. वाकलेला बिट ठोकून सरळ करण्यात वेळ घालवू नका.

ठिबकवाल्यांना हे दोन सेकंद फार मोलाचे आहेत. पाइपचं भोक अर्धा मिलिमीटर मोठं झालं तर ग्रोमेटचं रबर कडेला दाबलंच जात नाही. गळती थेंबाथेंबाची दिसते, पण ४० जागी गळली की दाब उतरतो आणि ओळीच्या शेवटच्या झाडांना पाणी कमी पडतं. केळीला ते घडात दिसतं. तेव्हा कुणाला आठवत नाही की चूक ड्रिलच्या चकमध्ये झाली होती. ग्रोमेटच्या मापाचाच बिट वापरा, मशीन पहिल्या गिअरवर हळू फिरवा, हॅमर (ठोके देत फिरण्याची सोय) बंद ठेवा आणि आरपार जाताना जोर कमी करा, नाहीतर बिट पाइपला खेचून घेतो. आणि आत पडलेला चुरा पाणी सोडून फ्लश केल्याशिवाय नळ्या जोडू नका, तो थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसतो.

मोटार चालवून आवळू नका

हे वेगळं लिहितो, कारण यात माझा दोष आहे.

कॉलर मुठीत धरायची, ट्रिगर दाबायचा, फॉरवर्डला चक क्षणात आवळला जातो आणि रिव्हर्सला सुटतो. बहुतेक फिटर असंच करतात. मीही वर्षानुवर्षं असंच केलं. दिवसात वीस-तीस वेळा बिट बदलायचा तर हे झटपट वाटतं.

तीन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण धुळ्याहून आली. आमचं जुनं घर धाब्याचं, ओसरीवरच्या तुळईला दर आखाजीला झोका बांधतात. झोक्याचं जुनं कडं झिजलं होतं, म्हणून नवं आट्यांचं कडं बसवायचं होतं. आधी लाकडात बारीक भोक, मग जाड भोक. मी शिडीवर होतो. भाचा तेव्हा बारावीला, त्याला खालून बिट बदलून दे म्हणालो. त्याने मला तसं करताना पाहिलेलं होतं. त्याने कॉलर मुठीत धरली आणि ट्रिगर दाबला, पूर्ण. ट्रिगर अर्धा दाबायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. कॉलर त्याच्या तळव्यात घसरली आणि तळव्याचं साल निघालं. मनगटालाही पीळ बसला. आठ दिवस त्याला पेन धरता येत नव्हतं.

बहीण मला काही बोलली नाही. हळद लावून पट्टी बांधताना फक्त एवढंच म्हणाली, ‘तूच तर असा करस ना भाऊ.’

त्या दिवसापासून मी मोटारीने चक आवळलेला नाही. मशीनसोबत येणाऱ्या पुस्तिकेतही बहुतेक कंपन्या हे करू नका म्हणून छापतात. हाताला लागतं हे एक, आणि दुसरं म्हणजे मोटारीच्या झटक्याने चक इतका करकचून बसतो की पुढच्या वेळी हाताने सुटत नाही. मग पुन्हा मोटारच वापरावी लागते. जबडे झिजतात, प्लास्टिकची कॉलर आतून सुटते. हाताने बिट बदलायला मला आता वीस सेकंद लागतात. त्यापेक्षा घाईचं काम माझ्याकडे कधी आलेलं नाही.

चक अडकला तर

‘मामा, हाऊ निंघत नही,’ असा फोन मला आठवड्यात एखादा येतोच.

आधी पाहा, तुम्ही बरोबर दिशेने फिरवताय ना. निम्म्या वेळी उत्तर तिथेच असतं. मग हात आणि कॉलर कोरडी करा आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कॉलरभोवती गुंडाळून फिरवा. रबराने पकड वाढते. तरी नाही सुटला तर लाकडी किंवा रबरी हातोडीने कॉलरवर चारी बाजूंनी हलक्या टिचक्या मारा, आतले आटे हलतात. जबड्यांच्या फटीत पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब सोडा आणि तासभर ठेवा. अगदीच झालं तर कॉलरला जाड कापड गुंडाळून पाइप पान्हा लावा, आणि सहा कोनी दांडीचा बिट असेल तर दुसऱ्या पान्ह्याने ती दांडी धरून ठेवा. लोखंडी हातोडी आणि पकडीचे दात प्लास्टिकच्या कॉलरवर नकोत.

तेल सोडल्यावर चक तीन-चार वेळा पूर्ण उघडून मिटवा आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. ग्रीस कधी लावू नका. ग्रीसला धूळ चिकटते, आणि तापीकाठच्या मातीची बारीक धूळ ग्रीसमध्ये बसली की तिचा पॉलिश पेपर होतो.

उलटी तक्रारही येते, चक आवळला तरी काम करता करता सैल होतो. भिंतीत हॅमर चालवताना हे होतंच, हादऱ्याने कॉलर सुटत जाते. दर तीन-चार भोकांनी हाताने पुन्हा आवळून पाहा. स्लॅबमध्ये रोज भोकं पाडायची असतील तर बिनचावीचा चक त्या कामाचा नाही, त्यासाठी रोटरी हॅमर, म्हणजे जोरात ठोके देणारी वेगळी मशीन, घ्या. त्याचे बिट वेगळे असतात, दांडीला खोबणी असतात आणि ते आवळावे लागत नाहीत, दाबले की अडकतात. ते खोबणीचे बिट आपल्या तीन जबड्यांच्या चकमध्ये लावू नका. जबड्यांना ते धड पकडताच येत नाहीत आणि हादऱ्याचा फायदाही मिळत नाही.

चकच बदलायची वेळ आली तर एक गोष्ट ठाऊक हवी. जबडे पूर्ण उघडले की आत तळाशी एक स्क्रू दिसतो. त्याचे आटे उलटे असतात. तो काढायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. हे न कळल्यामुळे कित्येकांनी त्या स्क्रूच्या डोक्याची खाच खराब केली आहे. तो निघाला की चक नेहमीच्या सरळ आट्यांवर असतो, जाड अॅलन की (सहा कोनी वाकडी किल्ली) चकमध्ये आवळून तिला घड्याळाच्या उलट एक ठोका दिला की सुटतो.

संध्याकाळी काम संपलं की बिट चकमध्ये तसाच ठेवून मशीन डिकीत टाकू नका. बिट काढा, चक पुसा, जबडे मिटवून ठेवा म्हणजे आत माती जात नाही. बॅटरी उन्हात राहू देऊ नका, मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात नाही. तापलेली बॅटरी आधी सावलीत निवू द्या आणि मग चार्जिंगला लावा. बिटसाठी मी सबमेनच्या उरलेल्या पाइपचे फूटभराचे तीन तुकडे घेतले आहेत, प्रत्येकाच्या एका तोंडाला एंड कॅप (टोपण) चिकटवलेली, दुसऱ्या तोंडाला काढता येणारी. पाइपचे बिट एका तुकड्यात, लोखंडाचे दुसऱ्यात, भिंतीचे तिसऱ्यात. वर रंगाने लिहिलं आहे. ते अक्षर भाच्याचं आहे. तो आता सुट्टीत माझ्याबरोबर येतो आणि मी मशीन हातात दिली की आधी बॅटरी काढून खिशात ठेवतो.